एक पतंग आणि त्याची बदलती घराणी



‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये’, असं आपल्याकडे म्हणतात. आज आपण एका पतंगाचं कूळ शोधणार आहोत. पतंग म्हणजे संक्रांतीचा नव्हे, दिव्यावर येतो तो. हा आजचा पतंग मात्र दिवसाढवळ्या, भर उन्हात फुलांवर हिंडतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो पतंग वाटतच नाही, गांधीलमाशीच वाटते.

इतिहासाच्या पॉडकास्टवर किडा कशाला, असं काही जण विचारतील. कारण सरळ आहे. या एका किड्याचं घराणं गेल्या सव्वादोनशे वर्षांत चार-पाच वेळा बदललं. किडा आहे तिथेच आहे, तेच गवत खातो, त्याच फुलांवर बसतो. बदलत गेली ती आपली कागदपत्रं. सातबाऱ्यावर फेरफार होत राहतात, जमीन हलत नाही, तसंच हे. या फेरफारांमागे जी माणसं आहेत, त्यांनी काय पुरावा बघून काय निर्णय घेतला, ती आजची गोष्ट.

आधी ओळख

पतंगाचं नाव टेनुका व्हर्जिनिका. इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘सी’ आहे, पण तो उच्चारायचा नाही. उत्तर अमेरिकेचा ईशान्य भाग, म्हणजे न्यू इंग्लंडची राज्यं, न्यूयॉर्क, कॅनडातले क्वेबेक आणि ऑन्टारियो, हा त्याचा जुना मुलूख. तिथल्या ओलसर कुरणांमध्ये उन्हाळ्यात तो दिसतो. पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ४ ते ५ सेंटिमीटर. पंख काळपट तपकिरी, अंग धातूसारखं चकाकणारं निळं, आणि डोकं नारिंगी. नराच्या मिशा कंगव्याच्या दात्यांसारख्या असतात. हे कंगव्याचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याचा सुरवंट केसाळ असतो. गवत, लव्हाळे, आयरिसची पानं हे त्याचं खाणं. कडाक्याची थंडी तो सुरवंटाच्या रूपातच काढतो. वसंत आला की पुन्हा खायला लागतो आणि मग आपल्याच अंगावरचे केस वापरून कोश करतो.

आता प्रश्न एवढाच, की हा कोणाचा कोण?

तीन डबे

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत सुरुवात मानतात ती १७५८ पासून. त्या वर्षी स्वीडनच्या कार्ल लिनियस यांच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती आली. लिनियस यांनी जगातली सगळी फुलपाखरं आणि पतंग मिळून फक्त तीन डबे केले. पॅपिलिओ म्हणजे फुलपाखरं. स्फिंक्स म्हणजे मधल्या भागात जाड होणाऱ्या मिशांचे, भक्कम अंगाचे पतंग. आणि फॅलीना म्हणजे उरलेले सगळे पतंग. आज या मंडळींच्या दीड लाखाहून जास्त जातींना नावं दिलेली आहेत. त्यांच्यासाठी तीन डबे म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला तीन पिनकोड दिल्यासारखं. पण सुरुवात अशीच होते. आधी ढोबळ वाटणी, मग बारकावे.

आपला पतंग शास्त्राच्या दप्तरात आला तो १७९४ मध्ये. योहान क्रिस्टॉफ एस्पर नावाचे प्राध्यापक जर्मनीतल्या एर्लांगेन गावी होते. जगभरच्या फुलपाखरांची रंगीत चित्रं आणि वर्णनं ते हप्त्याहप्त्याने छापत असत. त्यात त्यांनी या पतंगाला नाव दिलं, स्फिंक्स व्हर्जिनिका. तीन डब्यांपैकी दुसरा डबा. युरोपातला एक गांधीलमाशीसारखा पतंग लिनियस यांनी आधीच स्फिंक्समध्ये टाकला होता. त्याच्यासारखा दिसणारा हा पाहुणाही त्याच डब्यात गेला.

‘व्हर्जिनिका’ म्हणजे व्हर्जिनियाचा. पण या पतंगाचं खरं राज्य उत्तरेकडे आहे, व्हर्जिनिया त्याच्या मुलुखाची दक्षिणेकडची कड. त्या काळी युरोपात अमेरिकेहून आलेल्या पुष्कळ झाडांना आणि किड्यांना ‘व्हर्जिनियाचं’ हे विशेषण सर्रास चिकटवलं जायचं. आपल्याकडे नाही का, कुठलाही हापूस ‘देवगडचा’ म्हणून विकला जातो, तसंच.

खेड्यातला पाद्री आणि कंगवा

यानंतर ४३ वर्षांनी दुसरा माणूस येतो. विल्यम कर्बी. इंग्लंडच्या सफोक परगण्यात बारहम नावाच्या खेड्यात ते पाद्री होते. रविवारी चर्च आणि बाकीचे दिवस किडे, असा त्यांचा आयुष्यभराचा क्रम. विल्यम स्पेन्स यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला कीटकशास्त्राचा चार खंडांचा ग्रंथ इंग्लंडमध्ये घरोघरी वाचला गेला.

जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमांमधून कॅनडाच्या उत्तर भागातले बरेच प्राणी इंग्लंडला पोचले होते. मोहिमेतले सर्जन जॉन रिचर्डसन यांनी त्यावर मोठी ग्रंथमाला काढली. तिच्यातला कीटकांचा खंड कर्बींनी लिहिला, १८३७ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या-अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

त्यात त्यांनी एका पतंगासाठी नवी प्रजाती काढली, टेनुका. ग्रीक भाषेतून आलेलं हे नाव, अर्थ ‘कंगवा बाळगणारा’. मिशांवरून. आणि जातीला नाव दिलं ‘लात्रेलाना’, फ्रेंच कीटकतज्ज्ञ पिएर लात्रेल यांच्या सन्मानार्थ. लात्रेल यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पाद्री म्हणून ते बोर्दोच्या तुरुंगात पडले होते. तिथे कोठडीत त्यांना एक दुर्मिळ भुंगा सापडला. तो ओळखणारा हा माणूस कोण, अशी चौकशी बाहेर सुरू झाली आणि त्यातूनच त्यांची सुटका झाली. किड्याने जीव वाचवलेल्या माणसाचं नाव एका किड्याला दिलं गेलं, हे किती छान.

पण घोळ असा झाला, की कर्बींचा ‘लात्रेलाना’ आणि एस्पर यांचा ‘व्हर्जिनिका’ हा एकच पतंग निघाला. एकाच माणसाची दोन आधार कार्डं.

मग खरं नाव कोणतं? असे घोळ शेकड्यांनी होऊ लागले, म्हणून १८४२ मध्ये ब्रिटनमध्ये नावांची एक नियमावली ठरली. ह्यू स्ट्रिकलंड यांनी तिचा पुढाकार घेतला होता आणि समितीत तरुण चार्ल्स डार्विनही होते. मुख्य तत्त्व सोपं, जो आधी आला त्याचा हक्क. म्हणून जातीचं नाव एस्पर यांचं राहिलं, व्हर्जिनिका. पण कर्बींनी काढलेली प्रजाती मात्र स्वतंत्र आणि योग्य होती, म्हणून पुढचं नाव त्यांचं राहिलं, टेनुका. आज पूर्ण नाव लिहितात ते असं: टेनुका व्हर्जिनिका (एस्पर, १७९४).

हा कंस नीट बघा. तो शोभेसाठी नाही. प्राण्यांच्या नावात लेखकाचं नाव कंसात असेल, तर त्याचा अर्थ होतो, ‘याने नाव दिलं तेव्हा हा प्राणी दुसऱ्या प्रजातीत होता, नंतर हलवला आहे’. कंस नसेल तर तो मूळ जागीच आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडमध्ये कोणी काय कधी बदललं याची नोंद ठेवतो आणि त्याचा फार अभिमान बाळगतो. या लोकांनी दोन कंसांत ती सोय केव्हाच करून ठेवली आहे.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. या पतंगाला नाव देणाऱ्या दोघांपैकी एकानेही अमेरिकेत पाऊल टाकलं नव्हतं. दोघांनी बघितला तो टाचणीला टोचलेला, वाळलेला किडा किंवा त्याचं चित्र. तो काय खातो, कधी उडतो, त्याचा सुरवंट कसा असतो, यातलं काही त्यांच्यासमोर नव्हतं. त्यांच्याकडे होतं फक्त रूप.

निलगिरीहून लंडनला

आता गोष्ट थोडा वेळ आपल्या बाजूला येते. जॉर्ज हॅम्पसन, जन्म १८६०. ऑक्सफर्डचं शिक्षण झाल्यावर हे गृहस्थ दक्षिण भारतात निलगिरीत चहाच्या मळ्यांवर आले आणि तिथे पतंगांच्या नादी लागले. परत गेल्यावर ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांनी आयुष्य काढलं. १८९२ ते १८९६ या काळात त्यांनी ब्रिटिश इंडियाच्या पतंगांवर चार खंड लिहिले. भारतातल्या पतंगांचा अभ्यास करणारे आजही ते खंड उघडतात.

मग हॅम्पसन यांनी जगातल्या सगळ्या पतंगांची सूची हाती घेतली. तिचा पहिला खंड १८९८ मध्ये आला आणि तो पूर्णपणे एकाच कुळावर होता, सिंटोमिडी. म्हणजे गांधीलमाशीसारखे दिसणारे पतंग. यात अमेरिकेचा आपला टेनुका होता आणि आशियातले, आफ्रिकेतले, युरोपातलेही होते.

त्यातले आशियातले पतंग तुम्ही बघितले असण्याची दाट शक्यता आहे. सह्याद्रीत पावसाळ्याच्या आसपास झुडपांवर एक लहानसा पतंग दिवसा दिसतो. काळे पंख, त्यात पारदर्शक खिडक्या, पोटावर पिवळे पट्टे, उडणं संथ आणि निर्धास्त. हे अमाटा आणि सिंटोमॉइडिस या प्रजातींचे पतंग. ट्रेकला गेलेल्या मंडळींच्या फोनमध्ये याचा एखादा फोटो हमखास असतो, आणि खाली कोणीतरी ‘ही कोणती माशी?’ असं विचारलेलं असतं.

हॅम्पसन यांनी या सगळ्यांना एका घरात आणलं ते नुसतं दिसण्यावरून नाही. त्यांची मुख्य कसोटी होती पंखांच्या शिरा. पतंगाच्या पंखात शिरांचं ठरावीक जाळं असतं आणि त्याला क्रमांक दिलेले असतात. या मंडळींच्या मागच्या पंखात पुढच्या कडेजवळची एक शीर नसते. अमेरिकेच्या टेनुकात नाही, आपल्या अमाटातही नाही. पुरावा मोजता येणारा होता, जगभरच्या नमुन्यांवर तपासलेला होता. त्या काळच्या मानाने हे काम पक्कं होतं. १९०३ मध्ये अमेरिकेत डब्ल्यू. जे. हॉलंड यांचं ‘द मॉथ बुक’ आलं, त्यातही टेनुका सिंटोमिडीतच होता.

म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्र असं, की न्यू इंग्लंडच्या कुरणातला टेनुका आणि सह्याद्रीतला अमाटा हे एका कुळातले भाऊ.

सगळे कुलकर्णी नातेवाईक नसतात

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. दोन जीव सारखे दिसतात, यामागे कारणं किती असू शकतात?

एक कारण वारसा. आजोबांचं नाक नातवाला येतं. दुसरं कारण काम. आपल्याकडे कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही आडनावं गावोगाव आहेत. हुद्द्यावरून आलेली. या गावचा कुलकर्णी आणि दीडशे मैलांवरच्या गावचा कुलकर्णी यांचं रक्ताचं नातं असेलच असं काही नाही. काम सारखं म्हणून आडनाव सारखं.

गांधीलमाशीसारखं दिसणं हासुद्धा एक हुद्दा आहे. पक्षी एकदा गांधीलमाशीचा डंख खातो आणि आयुष्यभर त्या रंगरूपापासून लांब राहतो. मग एखाद्या पतंगाचं अंग थोडंसं जरी तसं दिसायला लागलं, तरी तो वाचतो. पिढ्यान्‌पिढ्या ही निवड चालत राहिली की पतंगाची गांधीलमाशी व्हायला लागते. रंग बदलतात, अंगाची ठेवण बदलते, रात्रीऐवजी दिवसा उडणं सुरू होतं. पंख बदलले की पंखातल्या शिराही बदलू शकतात, एखादी गळूनही जाऊ शकते. हे अमेरिकेत एकदा आणि आशियात वेगळं एकदा, असं दोनदा घडू शकतं.

म्हणजे पक्ष्यांना फसवण्यासाठी जो वेश तयार झाला, तो वेश म्युझियममधल्या तज्ज्ञांनाही फसवू शकतो. हे पकडायचं कसं? वेशाशी ज्याचा संबंध नाही असा पुरावा शोधायचा.

कान, आवाज आणि केसाळ सुरवंट

असा पुरावा पतंगाच्या कानात सापडला. हो, पुष्कळ पतंगांना कान असतात, आणि ते डोक्यावर नसतात. काही कुळांमध्ये ते पोटावर असतात. टेनुका ज्या मोठ्या समूहात मोडतो, त्यात ते छातीच्या शेवटच्या भागावर असतात. एक पातळ पडदा आणि त्याला जोडलेल्या दोनच श्रवणपेशी. १९५० च्या दशकात केनेथ रोडर आणि आशर ट्रीट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी या कानाचा कसून अभ्यास केला आणि दाखवलं की हे कान वटवाघळांच्या अतिध्वनी हाका ऐकण्यासाठी आहेत.

या समूहात एक मोठा गट आहे ‘टायगर मॉथ’ नावाचा. शास्त्रीय नाव आर्क्टिडी. ग्रीकमध्ये आर्क्टोस म्हणजे अस्वल. यांचे सुरवंट अस्वलासारखे केसाळ, म्हणून हे नाव. यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या छातीच्या बाजूला एक चुणीदार पत्रा असतो. तो आत-बाहेर झाला की टिकटिक आवाज होतो, आपल्याला न ऐकू येणाऱ्या पट्टीत. हा आवाज वटवाघळाला सांगतो, ‘मी कडू आहे, नाद सोड’. १९६५ मध्ये डोरोथी डनिंग आणि रोडर यांनी हवेत उडवलेल्या अळ्या पकडायला वटवाघळांना शिकवलं आणि ऐन झडपेच्या वेळी त्यांना या पतंगांचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला. वटवाघळं अळी सोडून बाजूला वळली. पुढे २००९ मध्ये बर्थोल्डिया नावाच्या एका टायगर मॉथबद्दल याहून भारी गोष्ट सिद्ध झाली. तो इतकी दाट टिकटिक करतो की वटवाघळाचं सोनारच गोंधळून जातं.

टेनुकाचा केसाळ सुरवंट, त्याचा कान, छातीची रचना, हे सगळं या टायगर मॉथ घराण्याशी जुळत होतं. त्यामुळे विसाव्या शतकात हळूहळू मत बदललं. काही जण त्याला वेगळ्या कुळातच ठेवत राहिले, काहींनी त्याला आर्क्टिडीत घेतलं. १९८३ मध्ये रोनाल्ड हॉजेस यांच्या संपादनाखाली मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या अमेरिकेतल्या सगळ्या पतंग-फुलपाखरांची यादी निघाली. त्यात टेनुका आर्क्टिडीत होता. दिसण्यावरून ठरलेलं घराणं मागे पडलं आणि सुरवंटाची, कानाची साक्ष ग्राह्य धरली गेली.

८२६२

हॉजेस यांच्या यादीत आणखी एक सोय होती. प्रत्येक जातीला एक नंबर. एकूण अकरा हजारांहून जास्त नंबर. आपल्या पतंगाचा नंबर ८२६२. अमेरिकेतले हौशी पतंगप्रेमी आजही हे नंबर वापरतात.

डेटाबेस शिकवताना पहिल्या काही धड्यांत एक गोष्ट सांगतात, की ओळखीच्या नंबरात अर्थ भरू नका. हॉजेस यांचे नंबर घराण्याच्या क्रमाने दिलेले होते, म्हणजे जवळच्या नंबरांचे पतंग जवळचे नातेवाईक. तेव्हा ते फार सोयीचं होतं. मग नव्या जाती सापडल्या, त्यांना मधे घुसवायला दशांश चिन्हं लावावी लागली. नंतर नातीच बदलली आणि क्रम विस्कटला. तरीही नंबर टिकले, कारण घराणं कितीही बदललं तरी ८२६२ म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तोच निळ्या अंगाचा, नारिंगी डोक्याचा पतंग येतो. नाव आणि नातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओळख टिकवायचं काम नावाचं. नातं सांगायचं काम वर्गीकरणाचं, आणि ते पुराव्याप्रमाणे बदलणारच.

सहा-सात वर्षांत तीन घरं

यापुढचा काळ वेगवान आहे. २००५ मध्ये मायकेल फिबिगर आणि डोनाल्ड लाफोंटेन या दोन तज्ज्ञांनी या समूहाची नवी मांडणी केली. त्यात आर्क्टिडी हे कूळ स्वतंत्र होतं. लगेच पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, त्याच दोघांनी वेगळी मांडणी दिली. आता अख्खे टायगर मॉथ नॉक्टुइडी या अवाढव्य कुळाचं एक उपकुळ झाले. टेनुका एका वर्षात एका घरातून दुसऱ्या घरात.

असं का? कारण तोवर एक तत्त्व पक्कं झालं होतं. कूळ म्हणजे एक मूळ पुरुष आणि त्याचे सगळे वंशज. सगळे, हा शब्द महत्त्वाचा. समजा एका घराण्याच्या चार पाती आहेत आणि धाकट्या पातीने फार नाव कमावलं. म्हणून वंशावळीतून धाकटी पाती उचलून ‘हे वेगळंच घराणं’ असं लिहिलं, तर उरलेल्या तीन पातींना ‘संपूर्ण घराणं’ म्हणता येत नाही. टायगर मॉथचं तसंच झालं होतं. त्यांची ठेवण इतकी वेगळी, की जुन्या लोकांनी त्यांना स्वतंत्र कूळ दिलं. पण नव्या पुराव्यांत ते नॉक्टुइडी म्हणवणाऱ्या मंडळींच्या मधूनच निघालेली एक शाखा दिसत होते.

मग डीएनए आला. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातले रेझा झाहिरी, निकलास वालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ जनुकांच्या आधारे या समूहाची वंशावळ काढली. शोधनिबंध २०११ चा. त्यांचं उत्तर: या समूहात सहा कुळं धरावीत. टायगर मॉथ त्यांतल्या एरेबिडी कुळाची एक शाखा. अमेरिकेची २०१० मध्ये निघालेली नवी यादीही याच मांडणीने लावलेली होती. आज टेनुकाचा पत्ता असा आहे: कूळ एरेबिडी, उपकुळ आर्क्टिनी, आणि त्याच्या आत एक लहान गट, ज्याचं नाव कर्बींच्या १८३७ च्या नावावरूनच आलं आहे, टेनुकिना. बारहमच्या पाद्र्याने घातलेलं नाव दोन शतकांनंतरही त्या घराच्या दारावर आहे.

गंमत बघा. एरेबस म्हणजे ग्रीक पुराणातला आदिम अंधार. दिवसा उन्हात हिंडणारा पतंग आता अंधाराच्या नावाच्या कुळात नांदतो.

त्या २०११ च्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटलं आहे, की या वंशावळीमुळे टिकाऊ वर्गीकरणाची आशा वाटते. आशा, खात्री नव्हे. मला हे फार आवडलं.

मग अमाटाचं काय?

आता परत आपल्या सह्याद्रीत येऊ. टेनुका आणि अमाटा भाऊ होते, त्याचं काय झालं?

दोघेही टायगर मॉथच्याच मोठ्या वाड्यात आहेत, एवढं खरं निघालं. पण त्या वाड्यात दोघांचे चौक वेगळे. आजच्या मांडणीत अमाटाचा गट वेगळा आहे आणि टेनुका दुसऱ्याच शाखेत, साध्यासुध्या, गांधीलमाशीसारख्या न दिसणाऱ्या टायगर मॉथांबरोबर बसतो. टिकटिक करून वटवाघळाचं सोनार बिघडवणारा तो बर्थोल्डिया टेनुकाला जवळचा, आणि हुबेहूब त्याच धाटणीचा वाटणारा अमाटा लांबचा. गांधीलमाशीचा वेश दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडला. हॅम्पसन यांनी मोजलेली ती हरवलेली शीरही दोन वेगळ्या ठिकाणी, दोनदा हरवली. दोन गावचे दोन कुलकर्णी.

यात पणाला काय लागलंय?

नावं इकडची तिकडे झाली, त्याने कोणाचं काय बिघडतं? माझ्या मते दोन गोष्टी बिघडू शकतात.

पहिली, नोंदी. टेनुका व्हर्जिनिका हा पतंग हळूहळू पश्चिमेकडे पसरला आहे. ईशान्येच्या कुरणांतला हा किडा आता पार ब्रिटिश कोलंबियापर्यंत दिसतो. हे कळतं ते जुन्या-नव्या नोंदी एकत्र मांडल्यावर. आता विचार करा, जुन्या म्युझियमच्या एखाद्या खोक्यावर ‘टेनुका लात्रेलाना’ लिहिलं असेल आणि नव्या नोंदीत ‘व्हर्जिनिका’. ही दोन नावं एकाच जिवाची आहेत हे संगणकाला कोणी सांगितलंच नाही, तर एक जात नाहीशी झाली आणि दुसरी कुठूनशी उगवली, असा अर्थ निघेल. पर्यायी नावांचे ते कंटाळवाणे तक्ते म्हणजे पतंगांच्या जगातलं जन्म-मृत्यूचं रजिस्टर आहे. ते नीट नसेल तर बाकी सगळं गणित चुकतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नात्यावरून आपण अंदाज बांधतो. एखादा पतंग टायगर मॉथ आहे म्हटल्यावर आपण विचारू शकतो, हा टिकटिक करतो का, कडू आहे का, याचा सुरवंट केसाळ असेल का. नातं चुकीचं धरलं, तर हे प्रश्नच चुकीच्या दाराशी जाऊन उभे राहतात. अमाटाबद्दल जे कळलं ते टेनुकाला लावायचं असेल, तर आधी हे माहीत हवं, की त्यांचं साम्य वारशाचं आहे की हुद्द्याचं.

आणि म्हणूनच मला एस्पर, कर्बी, हॅम्पसन यांच्याकडे ‘चुकलेली माणसं’ म्हणून बघावंसं वाटत नाही. प्रत्येकाने आपल्यासमोर जो पुरावा होता तो प्रामाणिकपणे मांडला आणि नमुने, चित्रं, मोजमापं मागे ठेवली. पुढच्याला ती तपासता आली, म्हणून तर बदलता आलं. ज्या दोघांनी एका वर्षात स्वतःचीच मांडणी बदलली, त्यांनी ती सगळ्यांसमोर, छापून बदलली. सार्वजनिक चर्चेत आपण नेहमी ऐकतो, की शास्त्रज्ञ सारखं मत बदलतात, त्यांचं काय ऐकायचं. या पतंगाची फाईल उघडून बघा. प्रत्येक फेरफाराला तारीख आहे, नाव आहे, कारण आहे. इतकी स्वच्छ फाईल आपल्या किती सरकारी कचेऱ्यांमध्ये सापडेल?

तर पुढच्या पावसाळ्यात एखाद्या गडावर जाताना काळ्या पंखांचा, पिवळ्या पट्ट्यांचा तो पतंग झुडपावर बसलेला दिसला, तर थोडा वेळ थांबा. तो डंख मारत नाही. त्याचा फोटो जरूर काढा, आणि कोणी ‘ही कोणती माशी?’ विचारलं तर सांगा, की हा पतंग आहे, आणि याचा एक लांबचा नातेवाईक अमेरिकेच्या कुरणात राहतो, जो याच्या सख्ख्या भावासारखा दिसतो.

आजचा भाग एवढाच. तुमच्या भागात अशा पतंगाला काही स्थानिक नाव असेल तर नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. भेटू लवकरच. नमस्कार.